पेटीच्या दोन बाजू

कुठलीही छापील गोष्ट दिसली की भाऊ आधी तिचा कोपरा नखानं खरवडायचे. रिक्षावरचं स्टिकर, दवाखान्याचा बोर्ड, बँकेतली पाटी. "बघा, निघालं," म्हणायचे आणि अर्धवट सुटलेला कोपरा तसाच सोडून पुढे चालू लागायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घटकाभर एका जागी बसायचं म्हटलं तरी त्यांना जड जातं.

जळगावात त्यांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान माझ्या शिकवणीच्या खोलीला लागून होतं. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिलाच, आणि त्याचा आनंद माझ्याहून भाऊंना जास्त. माझी पाटी त्यांनी आपणहून छापून दिली. नाव बारीक, 'बी.ए.' ठळक.

"नाव तर सगळ्यांनाच असतं, मास्तर."

धुळ्याचे एक शेठ जत्रांमधून खेळ लावायचे. त्यांच्याकडे पिनबॉलच्या जुन्या पेट्या होत्या: वर काच, आत धावणारी लोखंडी गोळी, दोन्ही अंगांना लाकडी फळ्या. त्या फळ्यांवर भाऊंना वाघ छापायचा होता. शेठना स्टिकर हवं होतं. शेवटी ठरलं, एका पेटीच्या डाव्या अंगाला छपाई, उजव्या अंगाला स्टिकर. उन्हाळाभर ती फिरवायची, जे टिकेल ते सगळ्या पेट्यांवर. स्टिकरं आल्यापासून भाऊंच्या जाळीच्या चौकटी भिंतीला टेकून पडल्या होत्या. हे काम मिळालं तरच दुकान राहणार होतं.

मग भाऊंना चैन पडेना. अमळनेर, पहूर, पेटी जाईल तिथं एसटीनं मागे. पिंपळनेरला मलाही नेलं. फळीवरून हात फिरवत बसले, तेव्हा एक खेळणारा वैतागला.

"खेळनं नही ते बाजूले व्हा ना, आबा."

"खेळ, खेळ. मी नुसता वाघ पाहतोय."

उजवीकडच्या वाघाला उन्हानं फोड आले होते. डावीकडचा थोडा विटला होता, पण नखाला दाद देत नव्हता. भाऊंनी शेठना हाताला धरून दोन्हीकडून फिरवलं.

शेठनी फोड आलेलं स्टिकर एका ओढीत काढलं. "तुमचा वाघ जिंकला, भाऊ. पण तो जातच नही ना. पोरांना आता रॉकेट पाहिजे. पुढच्या वर्षी आणखी काही."

"मग माझी बाजू?"

"सुतार बोलावतो. घासून टाकेल."

"सुतार फळी बिघडवील," भाऊ म्हणाले. "सँडपेपर द्या."

महिन्याभरात दुकान सोडून ते लेकीकडे सुरतेला गेले. त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मला मात्र ते पिंपळनेरच्या जत्रेतल्या त्या मंडपात, मांडी घालून फळी घासत बसलेले आठवतात. काळी रेघ शेवटी छापलेली, ती आधी गेली. मग लाल. पिवळा सगळ्यांत आधी दिलेला. तो लाकडात मुरला होता.

"राहू द्या, भाऊ," मी म्हणालो. "वरून झाकला जाईल."

शेठ रॉकेटचं स्टिकर उलगडून उभे होते. भाऊंनी वर पाहिलं नाही.

"पातळ असतं ते, मास्तर. खालचं दिसतं."