पणजीच्या रुखवतातलं पातेलं

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं सांगताना मलाच लाज वाटणार आहे.

झालं काय, जिल्ह्यातल्या सगळ्या छोट्या संग्रहालयांची मिळून एक वेबसाइट निघाली. संग्रहालयांनी आपल्या वस्तूंचे फोटो टाकायचे, लोकांनी घरातल्या जुन्या वस्तूंचे टाकायचे, आणि ज्याला जे माहीत असेल ते त्याने खाली लिहायचं. पनवेलचा प्रमुख नेमायला वेबसाइट चालवणाऱ्या मॅडम रविवारी माझ्याकडे येणार होत्या. आणि ते पद मला हवं होतं हो! मनात व्हिजिटिंग कार्डसुद्धा छापून झालं होतं. पण पनवेलचं पान बघावं तर कोरं.

मग काय, माळ्यावरचं पितळी पातेलं काढलं, चिंच लावून घासलं, स्वयंपाकघरातच फोटो काढला आणि लिहिलं, ‘आमच्या पणजीच्या रुखवतातलं. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात.’ जुनं दिसत होतं, म्हणजे पणजीचंच असणार ना?

शेजारच्या सुलभाकाकूंनी खाली लिहिलं, ‘फोटो मोठा करून काठ वाच.’

वाचला. ठिपक्याठिपक्यांनी काकूंचं नाव कोरलेलं. पाठोपाठ त्यांचं दुसरं वाक्य आलं, ‘तुझ्या बारशाला नेलं होतं.’

म्हटलं, चला, एवढ्यावर भागलं. कसलं भागतंय! फोटोत मागची मांडणीही आली होती. लोक फोटो मोठा करकरून तिथल्या भांड्यांवरची नावं वाचायला लागले. बेलपाड्याच्या आत्याने लिहिलं, ‘ती परात माजी हाय. मागायला लाज वाटली म्हनून बोलले नाय.’ कळंबोलीच्या मामेभावाला त्याचा डबा सापडला. रविवारपर्यंत जो तो येऊन आपापलं भांडं घेऊन गेला. बायको रिकाम्या मांडणीकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

मॅडम आल्या त्या अख्खी टीम घेऊन. एवढ्या चहाला भांडं कुठाय? तोंड लपवत काकूंच्या दारात उभा राहिलो. काकूंनी पातेलं दिलं, पण आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

चहा पिता पिता मॅडमचा फोन वाजला, वेबसाइटवर नवी नोंद आली होती. त्या मोठ्याने वाचायला लागल्या, “पितळी पातेलं. मालकीण, सुलभाकाकू. सध्या कुठे? शेजारी, चहाला नेलंय. मागे बारशाला नेलं होतं, म्हणून ही नोंद.”

मॅडम खूश! वस्तू कोणाची, आत्ता कुठे आहे, सगळं चोख. म्हणाल्या, “पनवेलला प्रमुख मिळाल्या. कुठे राहतात या?”

मी शेजारचं दार दाखवलं. म्हटलं, “जाताच आहात, तर पातेलंही देऊन टाका.”