मेंदीच्या फोटोंचं कुलूप

श्रीवर्धनला एका सुपारीच्या वखारीवर माझा कॉम्प्युटर क्लास आहे. इतकी वर्षं प्रत्येक बॅचला मी एकच गोष्ट सांगत आलेय, की बाबांनो, पासवर्ड ब्राउझरमध्ये तपासायचा नसतो. आपण पान पाठवतो तेव्हा त्याचा सगळा कोड बघणाऱ्याच्या फोनवर जातो. बरोबर पासवर्ड कुठला, तो जुळल्यावर काय दाखवायचं, सगळं त्याच्याच हातात. मुलं मान डोलावतात, परीक्षेत बरोबर लिहितात आणि घरी जाऊन नेमकं तेच करतात. आता सांगायचाही कंटाळा येतो, खरं सांगते.

जिचं सांगतेय ती मुलगी त्यातल्या त्यात हुशार. वडील नाहीत, भाऊ कतारला, घरी ती आणि तिची आई. म्हसळ्याला लग्न ठरलं. त्यांच्याकडे मेंदीचा कार्यक्रम फक्त बायकांचा. दाराला पडदा आणि पडद्याशी तिची फुफी, म्हणजे आत्या, खुर्ची टाकून बसलेली. जरा मिसरूड फुटलेला पोरगा दिसला की ती तिथूनच पिटाळायची. मला बोलावणं होतं. आत पोरी केस मोकळे सोडून नाचत होत्या, आणि मध्येच तिची आई उठली. नवरा गेल्यापासून या बाईला मी कधी मोठ्यानं हसतानासुद्धा बघितलं नव्हतं. ओढणी कमरेला बांधून ती अशी काही नाचली, की मुलगी मेंदीचे हात वर धरून रडायलाच लागली. मावसबहीण फोटो काढत होती.

कुवेतच्या खालाला, म्हणजे मावशीला, आणि दुबईच्या माम्यांना येता आलं नव्हतं. त्यांना फोटो हवे होते. व्हॉट्सअॅपवर टाकले तर कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा उघडून बघणार. म्हणून या बयेनं लग्नाच्या धांदलीत स्वतःच एक पान बनवलं. पासवर्ड टाका, जुळला की फोटो दिसतील. जागा फुकटातली, सर्व्हरवर काही चालवायची सोय नाही, म्हणून तपासणी ब्राउझरमध्येच. मला दाखवलंसुद्धा नाही. आई घाबरत होती, तर तिला म्हणाली, "अम्मी, पडद्याशी फुफी बसवलीय असं समज."

फुफी कसली, कपाळ! फुफीला पाहुण्याच्याच घरी धाडलं होतं, आणि फोटोही तिच्याबरोबर.

लग्न झालं. थोड्याच दिवसांत तिच्या धाकट्या दिरानं आपल्या आईच्या फोनवर ती लिंक बघितली. हा इंजिनिअरिंगला. पासवर्ड त्याला कुणी सांगितला नाही आणि त्याला तो लागलाही नाही. कोड उघडला, फोटोंचे पत्ते तिथंच लिहिलेले, एक उघडून बघितला. पोरगा वाईट नाही हो. भाभीची गंमत करावी म्हणून तो फोटो त्यानं घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "भाभीचं कुलूप तुटलं!" फोटो कुणाचा, तर तिच्या आईचा, नाचतानाचा. ग्रुपवर व्याही, व्याह्यांचे भाऊ, झाडून सगळे पुरुष.

फोटो लगेच काढला. सासूनं मुलाच्या कानाखाली काढली. व्याही स्वतः श्रीवर्धनला माफी मागायला आले. आईनं आतून चहा पाठवला, समोर काही आली नाही. त्यानंतर ती शेजारच्या लग्नालाही गेली नाही.

मुलगी माझ्याकडे आली ती डोळे सुजवून. "मॅडम, तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं ना? मग डोकं काय गहाण ठेवलं होतंस?" मी ओरडले. पुढं बोलायचं माझ्याच जिवावर आलं. तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "बस. नीट करू."

केलं नीट. पान माझ्या क्लासच्या सर्व्हरवर हलवलं. पासवर्ड तिथंच तपासायचा, प्रत्येकीला वेगळा, आणि जुळल्याशिवाय एकही फोटो तिथून हलायचा नाही. कोड उघडून बसणाऱ्याला रिकाम्या चौकटीपलीकडे काही मिळायचं नाही. पान झाल्यावर अख्खी दुपार मी ते फोडायला बसले. नाही फुटलं. एवढ्या वर्षांत कुणीतरी धडपणे केलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसती झोप येत होती.

दुसऱ्या दिवशी ती आईला क्लासवर घेऊन आली. मी आईला म्हटलं, "भाभी, बसा." मुलीनं सगळं दाखवलं, चुकीचा पासवर्ड टाकून दाखवला, बरोबर टाकून दाखवला.

"म्हणजे आता कुणी बघू शकत नाही?" आईनं मला विचारलं.

"तुम्ही ज्यांना पासवर्ड द्याल त्याच बघतील. त्यांनी पुढं कुणाला दाखवलं तर त्याला इलाज नाही."

"आणि ज्यांनी बघितलं त्यांचं?"

फार वाईट वाटलं, पण खोटं काय सांगणार?

"माझे यातनं काढ," ती मुलीला म्हणाली.

"अम्मी, आता पक्कं आहे गं. मॅडमकडूनही नाही फुटलं."

"काढ म्हटलं ना."

मुलगी एकेक काढत गेली. एका फोटोवर तिचा हात थांबला. आई दोन्ही हात वर करून, तोंड उघडं टाकून हसत होती. "हा एक राहू दे ना. माझ्यापुरता."

आईनं मान हलवली. तोही गेला.

"खालानं विचारलं, तुझी अम्मी कुठं दिसत नाही," आई उठता उठता म्हणाली, "तर सांग, ती आत जेवणाचं बघत होती."