तुताच्या कानाचा तुकडा

सेफेरिना माझी वहिनी आहे म्हणून तिचं कौतुक करतेय, असं मुळीच नाही. हट्टी बाई! पुकाकांचा या आमच्या गावात लोकरीसाठी पाळलेल्या प्रत्येक काळ्या अल्पाकाची आई, आजी, पणजी तिला तोंडपाठ. स्वतःच्या पोराचा वाढदिवस विचारा, आभाळाकडे बघत बसेल.

मे महिन्यात लिमाहून वकीलबाई आल्या. गावसभेत म्हणाल्या, "परदेशातली एक कंपनी म्हणते, हा काळा रंग आमच्या प्रयोगशाळेचा. तसा पेटंटचा हक्क मागितलाय. उद्या तुम्हाला तुमच्याच नराची पैदास बाहेर विकायची तर त्यांना विचारावं लागेल. जिनिव्हात देशोदेशीचे लोक यावरच घासाघीस करताहेत. नमुना कुठून आणला ते सांगितल्याशिवाय हक्क द्यायचा नाही, असं आपलं म्हणणं. पण पुरावा हवा ना! इथून कुणी काही दिलं होतं का?"

"छे! आम्ही कशाला देतोय?" सगळे एका सुरात. मी सगळ्यांत मोठ्यानं.

वहिनी उठली. "मी दिलं."

फेब्रुवारीत कार्निव्हलच्या सणाला आम्ही जनावरांच्या कानाला खूण करतो. कापलेले तुकडे कोकाच्या पानांसोबत, जनावरं कोंडतो त्या वाडग्यातच पुरायचे. तो धरणीमायचा वाटा, त्याला कुणी हात लावत नाही.

"एकोणीस वर्षं झाली," वहिनी म्हणाली. "तो उंच परदेशी मास्तर आठवतो? माझ्या नवऱ्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं त्यानं. त्यानं माझ्या काळ्या अल्पाकाच्या, तुताच्या कानाचा तुकडा अभ्यासाला म्हणून मागितला. मला नाही म्हणवेना. बाटलीत घालून नेला." तिनं टोपीच्या अस्तरातून तुकडा नेल्याची चिठ्ठी काढली. गावाचं नाव, तारीख, मास्तरची सही. वकीलबाईंचा चेहरा उजळला.

बाकीचे बोटांवर वर्षं मोजू लागले. त्याच वर्षी गारा पडल्या होत्या आणि गावातली निम्मी पिल्लं गारठून मेली होती. माझी अकरा. धरणीमाय का कोपली ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. एका वहिनीला सोडून.

"अगं, एवढी वर्षं माझ्या चुलीपाशी बसून बटाटे खाल्लेस आणि तोंडातून ब्र काढला नाहीस?" मी भर सभेत ओरडले.

"घाबरले गं," ती म्हणाली. "तू बोलणं टाकशील म्हणून."

टाकलंच.

चिठ्ठी जिनिव्हाला गेली. जानेवारीत निरोप आला: कंपनीचा हक्क तूर्त अडवलाय, बाकी वाटाघाटी पुढच्या बैठकीत. मोठ्या लोकांना काय, वेळच वेळ.

मग कार्निव्हल आला. वहिनीनं आपली जनावरं आणलीच नाहीत. एकटीच वाडग्याच्या दगडी भिंतीबाहेर उभी होती. कुणी आत बोलावलं नाही. माझा राग गेला नव्हता, पण जीव तुटत होता. मी माझ्या काळ्या नराच्या, तुताच्याच नातवाच्या, कानाला खूण केली आणि बाहेर जाऊन तो तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

"चल आत. तुझ्या हातानं पूर. मी बघतेय हां!"

तिनं कोपरापर्यंत हात जाईल एवढं खणलं. इतकं खोल आमच्यात कुणी पुरत नाही.