आमदारांसमोरची झडती

रोहण्याच्या चौकात भाऊंचं कापडाचं दुकान आहे. मी शिवणकाम करते, त्यामुळे अस्तर घ्यायला तिथं सारखं जाणं होतं. कापड मोजताना भाऊ पुढाऱ्यांच्या आवाजात बोलतात. गिऱ्हाइकं पोट धरून हसतात, भाऊ मात्र कधीच हसत नाहीत. टोमणा मारण्याआधी ते फक्त चष्मा वर सरकवतात.

पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, म्हणायची, त्यातून पुढाऱ्यांना टोमणे मारायची आमच्याकडे रीत आहे. यंदा आमदार स्वतः आले होते. आम्हा बायांच्या घोळक्याजवळच सरपंच भाऊंच्या कानाशी लागले, "भाऊ, आज नाल्यावरच्या पुलाचं राहू द्या. तुमच्या दुकानाचं टिनाचं शेड रस्त्यावर आलं आहे, ध्यानात ठेवजा."

"ठेवलं ना," म्हणत भाऊ थेट आमदारांपुढे उभे राहिले. त्यांनी चष्मा सरकवला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली,

"नारळ फुटला पुलाचा, फोटो आला झकास,
पूल काई दिसत नाई, पाण्यात गेला इकास!
एक नमन गौरा पार्वती, हर हर महादेव!"

सगळ्यांच्या नजरा आमदारांकडं वळल्या. पण आमदार मोठ्यानं हसले, "वा, मजा आणली!" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळेच हसले.

"हसाले गाव आहे, साहेब," भाऊ म्हणाले. "तुमी पूल बांधा. नाल्याले पूर आला का माणसं वावरातच अडकून राह्यतात."

आमदार मागं वळून गाडीकडं पाहू लागले.

"कधी बांधता, साहेब?" बायांच्या घोळक्यातून कोणीतरी जोरात विचारलं. तो आवाज माझा होता.