मातीची भर

बाजारात ओल्या हळदीचा वास आला की चिखलीच्या घराच्या अंगणातला आमचा आयरिसचा वाफा आठवतो. नवऱ्याने काश्मीरहून त्या फुलझाडाचे दोन कंद आणले होते. मी हिंगोलीची, हळदीच्या रानात वाढलेली. कंद हळदीसारखेच दिसले, म्हणून खोल पुरून वर मातीची भर घातली. “अगं, ही हळद नाही. याची पाठ उन्हात उघडी ठेवायची असते,” ते म्हणाले. “मला नका शिकवू,” मी म्हटलं. शिफ्टला निघताना ते माती बाजूला सारायचे आणि त्यांची गाडी कोपऱ्यावर वळली की मी पुन्हा भर घालायचे. फूल कधी आलंच नाही. ते वारल्यावर मीच ती माती सारली. यंदा थंडी सरताना जांभळं फूल आलं. “तुमचंच खरं होतं,” असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, तेही रिकाम्या अंगणात.