दादाच्या गाडीतला बास

भिंगारमध्ये माझं दुकान आहे. गाड्यांना स्पीकर, ॲम्प, लाइट बसवून देतो. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, स्वतःची सात सीटर गाडी भाड्यानं चालवायचा. नगर स्टेशनवर भाविक घ्यायचे आणि शनिशिंगणापूरचं दर्शन करून परत आणायचे, हा त्याचा धंदा. आम्ही ख्रिस्ती, पण शनिवार शनीचा, भाविकांच्या गर्दीचा, म्हणून त्या दिवशी त्यानं कधी सुट्टी घेतली नाही. अमावास्या शनिवारी आली तर तो जेवायलाही घरी यायचा नाही. गाडीत गाणी अगदी हळू लावायची आणि माणसांना बोलू द्यायचं, ही त्याची पद्धत. त्यामुळं एका उन्हाळ्यात तो दुकानात येऊन म्हणाला, डिकीत मोठा सबवूफर बसव, तेव्हा मला नवल वाटलं. भाविकांच्या पिशव्या कुठं ठेवशील, असं मी विचारलं. कॅरिअरवर टाकीन म्हणाला.

मी त्याला समजावलं. नुसता सबवूफर बसवून भागत नाही. दारातले स्पीकर लहान असतात, बास, म्हणजे खालचा जड आवाज, त्यांना झेपत नाही. स्पीकरचा कागदी पडदा मर्यादेबाहेर हलायला लागतो, आतली कॉइल घासते आणि शेवटी जळते. म्हणून जड आवाज फक्त डिकीत जाईल आणि दारांत वरचा, बोलण्या-गाण्याचा आवाज तेवढा जाईल, अशी सोय करावी लागते. त्याच्या जुन्या स्टिरिओत तसं सेटिंग नव्हतं. मी प्रत्येक दाराच्या वायरमध्ये एकेक कपॅसिटर टाकला. बास दारापर्यंत जाऊ न देण्याचं काम तो करतो. ॲम्प लावला, स्टिरिओवरचा बास मधोमध ठेवला आणि याला आता हात लावू नको म्हणून सांगितलं. दादानं मान हलवली. मी बोलत होतो तेव्हा तो माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होता. एवढ्या लक्षानं तो माझं कधी ऐकत नसे.

थोड्याच दिवसांत तो परत आला. उजव्या दारातून भुंग्यासारखी घरघर येत होती. पॅनल काढून बघितलं तर स्पीकरचा कागद कडेनं फाटलेला. स्टिरिओवर बास पूर्ण वर, आवाजही जवळजवळ शेवटाला. कपॅसिटर असला तरी स्टिरिओच इतका ताणला की त्यातून फाटका आवाज निघतो आणि स्पीकर टिकत नाही. मी नवीन जोडी बसवली आणि सगळं पुन्हा खाली आणलं. तपासायला गाणं लावलं, तर तो म्हणाला, "लई बारीक येतंय." मी शेजारी बसलो होतो. बासनं माझी छाती हादरत होती.

मग एका रविवारी चर्चमध्ये एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमच्या चर्चमध्ये गाणं दादा उचलायचा. त्याचा खर्जातला आवाज लागला की मागची माणसं बिनधास्त गायची. त्या दिवशी पेटी सुरू झाली, सगळे गायला लागले, आणि दादाचा आवाज ओळीच्या मध्यावर लागला. पुढच्या कडव्याला त्यानं नुसते ओठ हलवले. पाळकांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

वहिनी त्याच आठवड्यात दुकानात आली. बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "भाऊजी, तुमचे भाऊ हल्ली गाडी लावून काचा बंद करून आत बसतात. बाहेरून पत्र्याला हात लावला तर थरथरतो. मी काच वाजवली, तरी वळत नाहीत." तिनं दादाला विचारलं तेव्हा, दमलोय, एवढंच तो म्हणाला होता. दादाला न सांगताच ती आली होती.

पुढच्या वेळी गाडी आली ती जळका वास घेऊनच. दारं उघडली तर माझे कपॅसिटर गायब. वायरी त्यानं स्वतः जोडून टेप गुंडाळली होती. सगळा बास थेट त्या लहान स्पीकरांवर कोसळत होता आणि चारही कॉइली जळून काळ्या पडल्या होत्या. का काढले म्हणून विचारलं तर, दारातूनही धक्का यायला पाहिजे, असं तो म्हणाला. धक्का हा शब्द मी गिऱ्हाइकांकडून पुष्कळदा ऐकलाय. पोरं मजेत म्हणतात. दादा मजेत म्हणत नव्हता.

मी पुन्हा सगळं जोडलं आणि चाचणीला चल म्हणालो. खरं तर मला त्याच्या शेजारी बसायचं होतं. आम्ही घोडेगावपर्यंत गेलो. दुपार होती, रस्त्यावर कांद्याचे ट्रक. शिंगणापूरच्या फाट्यानं आत वळल्यावर मी मुद्दाम स्टिरिओ बंद केला. दादा काहीच म्हणाला नाही. गाणं बंद झाल्याचं त्याला कळलं की नाही, हेच मला कळेना. मी समोर बघत, त्याच्याकडं मान न वळवता, चहा घेऊ म्हणालो. तो गप्प. पुन्हा म्हणालो. गप्पच. मग मी बोटानं उजवीकडची टपरी दाखवली, तेव्हा त्यानं मान हलवली आणि इंडिकेटर देऊन गाडी उजवीकडं घ्यायला लागला.

मागून ट्रकचा हॉर्न येत होता. लांबलचक, एकसारखा. ट्रक आम्हाला ओलांडायला बाजूला आला होता. दादा शांतपणे स्टेअरिंग वळवत होता. मी झेप घेऊन ते डावीकडं ओढलं. ट्रकनं आमचा उजवा आरसा उडवला आणि धुळीत निघून गेला. गाडी कडेच्या बाभळीपाशी थांबली. दादानं आधी माझ्याकडं बघितलं, मग आरशाच्या जागी राहिलेल्या खुंटाकडं.

त्यानं इंजिन बंद केलं. मग तो म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई. पाठीला लागतंय, तेवढंच कळतं."

गाण्याचा ठेका सीटमधून पाठीत शिरला की त्याला वाटायचं, अजून सगळं गेलेलं नाही. म्हणून सबवूफर हवा होता, म्हणून दारातूनही धक्का हवा होता. मागं माणसं भरून तो रोज याच रस्त्यानं जात होता. त्यांच्याशी काय बोलायचास, म्हणून मी विचारलं. आरशातून ओठ बघून हसायचो, म्हणाला.

परत येताना गाडी मी चालवली. घरी गेल्यावर सगळं मीच वहिनीला सांगितलं. ती रडली नाही. किल्ली घेऊन आत ठेवून आली.

नगरच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांच्या नसा कमजोर झाल्याचं सांगितलं. गेलेलं परत येणार नाही, कानात घालायच्या मशिनानं थोडं भागेल, पुढं अजून कमी होऊ शकेल. दादानं गाडी विकली. आता तो माझ्या दुकानात वायरिंग करतो. त्याचं काम सफाईदार आहे. मशीन लावतो, पण संध्याकाळी काढून ठेवतो, कारण त्यातून येणारा आवाज माणसांचा वाटत नाही, म्हणतो.

दादाला तपासलं त्या दिवशी डॉक्टरांनी घरात आणखी कुणाला असं आहे का, विचारलं. दादानं माझ्याकडं बघितलं. आमचे वडील शेवटी शेवटी हाकेला ओ देत नसत, आणि आम्ही ते त्यांच्या स्वभावावर घातलं होतं. डॉक्टर मला म्हणाले, तुम्हीही तपासून घ्या.

मी घेतलं. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बसवतात. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीच्या शिट्ट्यांना मी पटापट बटण दाबलं. मग एक लांब शांतता आली. काचेपलीकडं बाई यंत्रावर काहीतरी फिरवत होती, पुन्हा फिरवत होती, आणि मधूनमधून मी बटण दाबतो का, ते वर मान करून बघत होती. बटणावर अंगठा ठेवून मी वाट बघत राहिलो.