संतोषच्या गाडीचे आठ टायर

टायरच्या दुकानातून गिऱ्हाईक पळून जाऊ शकत नाही. गाडी जॅकवर, चाक निघालेलं, जाणार कुठे? मग माणूस बाकड्यावर बसतो आणि बोलायला लागतो. महाडच्या बाहेर हायवेला लागून माझं दुकान आहे, त्यामुळे किस्से आपोआप जमत गेले. पण आमच्या बाकड्यावर सगळ्यात जास्त रंगतात ते संतोषच्या गाडीचे!

संतोष माझा शाळेपासूनचा दोस्त, गाव कापडे. मुंबईत दुसऱ्यांच्या गॅरेजात राबून त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं आणि एक दिवस लाल रंगाची, दोन सीटची, सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेऊन थेट माझ्या दारात हजर! इतकी बुटकी की माझा जॅक खाली शिरेना. शेवटी फळ्या टाकल्या, चाकं फळ्यांवर चढवली, तेव्हा कुठे जॅक गेला. आमचा बापू, म्हणजे उभा जन्म कशेडी घाटात ट्रक चालवून आता माझ्या दुकानात हाताखाली असलेला माणूस, वाकून आत बघत म्हणाला, "ह्याच्यात बसायचं, का ही अंगात घालायची?"

*

ही गाडी दोन कामांची होती. एरवी मुंबई ते कापडे, आणि मधूनमधून दक्षिणेतल्या एका रेसट्रॅकवर, जिथे हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवू देतात. आता टायर कुठले घ्यायचे? ट्रॅकचा टायर मऊ रबराचा. तापला की जमिनीला चिकटून धावतो, पण थंड असताना धड पकड देत नाही, आणि रोज वापरला तर बघता बघता संपतो. रस्त्याचा टायर खड्डा, पाऊस, सगळं सांभाळतो, पण ट्रॅकवर चार फेऱ्यांत तापून ढिला पडतो. संतोष म्हणे, दोन्हीकडे चालेल असा मधला घेऊ. मी म्हणे, मधला म्हणजे दोन्हीकडे अर्धवट. कितीतरी दिवस हेच चाललं होतं.

एकदा त्याच्या घरी पडवीत बसून आम्ही पुन्हा भांडत होतो. त्याची आई, म्हणजे काकी, तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ ऐकून त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "लग्नातली चप्पल घालून भातलावणीला जातोस काय रे?"

दोन सेट ठरले.

*

ट्रॅकचे टायर आले तेव्हा मी जेवायला गेलो होतो. दुकानात बापू एकटा. त्याने गुंडाळलेलं प्लास्टिक फाडून बघितलं, तर टायरवर नक्षीच नाही! दोन-चार खाचा, बाकी सगळा गुळगुळीत. मी परत आलो तेव्हा टायर पुन्हा टेम्पोत चढलेले, टेम्पोवाला रडकुंडीला आलेला आणि बापू टेम्पोपुढे आडवा उभा. नवीन सांगून झिजलेला गोटा टायर आणलान ह्यानं, अशी त्याची तक्रार.

मी त्याला समजावलं. खाचा असतात पाणी बाहेर फेकायला. कोरड्या ट्रॅकवर पाणी नाही, तिथे जितकं जास्त रबर जमिनीला टेकेल तितकं चांगलं. बापूने नीट ऐकून घेतलं, टेम्पोवाल्याला चहा पाजला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "असले टायर आमच्या मालकाच्या ट्रकला कायम असायचे. आम्ही कधी रेसचे म्हणून सांगितलं नाय."

*

मी तो सेट वेगळ्या रिंगांवर चढवून दिला, म्हणजे नुसती चाकं बदलली की झालं. पण संतोषला धीर कुठला! ट्रॅकला जायच्या आधी एकदा तरी रस्त्यावर बघू म्हणाला. मी नको नको म्हणत शेजारी बसलो आणि आम्ही पाचाडच्या रस्त्याला निघालो. मऊ रबर रस्त्यावरची खडी उचलत होतं, आणि ती गाडीच्या पोटावर ताशासारखी वाजत होती. तरी मजा येत होती, खोटं कशाला बोलू!

भाताची शेतं पिवळी झालेली. आणि परतीचा पाऊस कोसळला. एका साध्या वळणावर, अगदी सायकलच्या वेगात, संतोषने स्टिअरिंग वळवलं आणि गाडी सरळच गेली. ब्रेक दाबला, तरी सरळच. पाण्यावर तरंगत, अजिबात घाई न करता, आम्ही बांधावरून खाली भातात उतरलो.

शेताचा मालक डोक्यावर इरलं घेऊन आला. आधी आम्हाला कुठे लागलं का ते त्याने बघितलं. मग आडव्या पडलेल्या भाताकडे बघून शांतपणे म्हणाला, "कापणी पुढच्या आठवड्यात हाय. लवकर आलात."

पुढच्या आठवड्यात संतोष खरंच कापणीला गेला.

*

त्यानंतर ती चार चाकं काकींच्या पडवीत आडवी रचून ठेवली. ट्रॅकची तारीख जवळ आली, संतोष न्यायला गेला, तर सगळ्यात वरच्या चाकात, रिंगच्या खोलगट जागेत, पेंढा घालून काकींनी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलेली! संतोषने परोपरीने विनवलं. काकींचं एकच म्हणणं, आता हलवली तर ती परत बसायची नाय, अंडी फुकट जातील. त्याने मला फोन लावून काकींच्या हातात दिला. मी काकींना सांगितलं की संतोष वर्षभर या दिवसाची वाट बघतोय.

"ती पण वाटच बघतेय," काकी म्हणाल्या.

संतोष रस्त्याच्या टायरवर ट्रॅकला गेला. तोंड पाडून गेला आणि हसत आला. टायर लवकर घसरत होते, पण हळूहळू, सांगून सवरून. त्यामुळे गाडी कुठे सुटते आणि कशी सावरायची, ते त्याला पहिल्यांदाच कळलं. पिल्लंही सगळी सुखरूप निघाली.

*

पुढच्या खेपेला मात्र काकीच म्हणाल्या, ज्या चाकांसाठी माझ्या कोंबडीला उठवायला निघालेलास, ती करतात तरी काय ते मला बघायचंय. झालं! माझ्या पिकअपमध्ये मागे ट्रॅकचा सेट, पुढे मी, काकी आणि बापू, आणि आमच्या पुढे संतोषची लाल गाडी. आंबेनळी घाट चढून आमची वरात दक्षिणेला निघाली.

तिथे मी चाकं बदलली, हवा बघितली. संतोषने दोन फेऱ्या मारून टायर तापवून आणले. मी हात लावला तर चटका बसला, रबर बोटाला चिकटलं. शेजारी कुणाला बसवून एक फेरी मारायची परवानगी होती. मी पुढे झालो तर काकींनी मला मागे सारलं. नऊवारीचा पदर खोचला, डोक्याला हेल्मेट चढवलं आणि खाली खाली होत त्या गाडीत बसल्या.

गाडी जी सुटली! पहिल्या वळणाला मी डोळेच मिटले. पाचाडचं वळण डोळ्यांपुढे आलं. उघडले तेव्हा गाडी रुळावरून जावी तशी वळण कापून बाहेर पडली होती. मी आणि बापू कठड्याला धरून उभे. लांबच्या वळणामागे गाडी दिसेनाशी झाली, नुसता आवाज राहिला. बापू कुलदैवताचं नाव घेत होता. मग ती पुन्हा दिसली, सरळ पट्ट्यावरून आमच्यासमोरून सणाणत गेली, आणि मग सावकाश वळून आमच्यापाशी येऊन थांबली.

संतोषचा चेहरा आनंदाने फुललेला. त्याने धावत येऊन आईचं दार उघडलं, तिचं हेल्मेट काढलं आणि विचारलं, कसं वाटलं?

काकींनी केस सारखे केले. इकडेतिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बापूकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "एवढी जीव खाऊन पळवलीस, आणि आणलीस परत हितंच?"